शहराच्या मधोमध बर्फाची वाट

उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. आखीव हिरवळ, तिच्या कडेने लावलेली मेंदी, दोन-चार बाके, मधोमध कारंजे आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी. सकाळी ज्येष्ठांनी फेऱ्या माराव्यात, सायंकाळी मुलांनी घसरगुंडीवर खेळावे आणि आठ वाजता पहारेकऱ्याने शिट्टी वाजवावी, एवढीच त्याची दिनचर्या. अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनिसोटा राज्यात मिनिआपोलिस नावाचे शहर आहे. तेथील सर्वांत मोठे उद्यान पाहिल्यावर मात्र या कल्पनेला धक्का बसतो. शहराच्या पश्चिम सीमेवरील 'थिओडोर वर्थ पार्क' या सुमारे ७४० एकरांच्या उद्यानात हिवाळ्यात लोक स्कीच्या लांब, अरुंद पट्ट्या पायांना बांधून किलोमीटरमागून किलोमीटर बर्फावरून सरकत जातात. उन्हाळ्यात त्याच टेकड्यांच्या उतारावरील झाडीतून, मुळांवरून आणि दगडांवरून, सायकली धावतात. आणि हे सर्व महापालिकेच्या सार्वजनिक जमिनीवर चालते.

मिनिसोटात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आज पुष्कळ आहेत. मुलासुनेकडे हिवाळ्यात जाऊन आलेल्या आईवडिलांना तेथील थंडीचे वर्णन करण्यास शब्द पुरत नाहीत. जानेवारीत मिनिआपोलिसचे सरासरी तापमान शून्याखाली आठ-नऊ अंश असते आणि वर्षाकाठी सुमारे ५० इंच हिमवर्षाव होतो. अशा ऋतूत माणसाने घरातच बसावे, हे आपल्या मनाला पटते. परंतु तेथे वसलेल्या नॉर्वे आणि स्वीडनच्या लोकांना ते कधीच पटले नाही. नॉर्वेजियन वंशाच्या लोकांची अमेरिकेतील सर्वांत मोठी वस्ती याच राज्यात आहे. 'स्की' हा शब्दच मुळी त्यांच्या प्राचीन भाषेतील असून त्याचा अर्थ चिरलेल्या लाकडाची फळी असा आहे. डोंगरमाथ्यावर यंत्राने चढून वेगाने खाली घसरण्याचा खेळ वेगळा आणि सपाटी, चढ व उतार स्वतःच्या बळावर ओलांडीत दूरवर जाण्याचा 'क्रॉस-कंट्री स्कीइंग' हा प्रकार वेगळा. पहिल्यास पर्वत आणि पुष्कळ पैसा लागतो. दुसऱ्यास थोडी उंचसखल जमीन आणि बर्फ एवढे पुरते, म्हणूनच तो शहरातील उद्यानात सामावू शकतो.

या उद्यानाची पूर्वपीठिका सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील साऱ्या घडामोडींचे मूळ तिच्यात आहे. मिनिआपोलिसची उद्याने नगरपरिषदेच्या अखत्यारीत नाहीत. १८८३ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला, मतदारांनी त्यास संमती दिली आणि उद्यानांसाठी एक स्वतंत्र मंडळ अस्तित्वात आले. आजही या मंडळाचे नऊ सदस्य थेट मतदानाने निवडून येतात आणि मंडळास स्वतःच्या नावाने करआकारणी करता येते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खाते स्वतंत्र आहे आणि सहीचा अधिकारही स्वतंत्र. उद्यानाचा पैसा गटारांकडे वळविता येत नाही, आणि उद्यान बिघडल्यास दोष दुसऱ्यावर ढकलताही येत नाही. त्याच वर्षी होरेस क्लीव्हलंड या उद्यानरचनाकाराने शहरासाठी उद्याने आणि रुंद वृक्षाच्छादित मार्ग यांचा एक आराखडा मांडला. शहर लहान असतानाच सरोवरांचे काठ व ओढ्यांच्या खोऱ्यांतील जमीन घेऊन ठेवावी, नंतर ती परवडणार नाही, हे त्याच्या सांगण्याचे सार होते. शहराने ते मानले. सरोवरे, ओढे आणि नदीकाठ यांना जोडणारा सुमारे ५० मैलांचा जो उद्यानमार्ग आज तेथे आहे, तो या दूरदृष्टीचे फळ होय.

१९०६ मध्ये थिओडोर वर्थ हे गृहस्थ अधीक्षक म्हणून आले. त्यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झाला होता. १९३५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, त्यांनी हे काम पाहिले. हिरवळीवर चालण्यास मनाई करणाऱ्या पाट्या त्यांनी काढून टाकल्या, असे तेथे आवर्जून सांगितले जाते. उद्यान हे पाहण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहे, ही त्यांची धारणा होती. पूर्वी 'ग्लेनवूड पार्क' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उद्यानाला १९३८ साली त्यांचे नाव देण्यात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी याच टेकड्यांवर स्कीने उडी मारण्याचा लाकडी उतार उभारला गेला होता व नॉर्वेजियन तरुणांची झुंबड तेथे लोटत असे. तेव्हा उद्यानात बर्फाचे खेळ ही कालपरवाची टूम नव्हे.

नवे आहे ते खेळाचे प्रमाण आणि त्यामागील संघटन. २००२ च्या सुमारास शहरातील काही स्कीप्रेमींनी 'लॉपेट फाउंडेशन' ही ना-नफा संस्था स्थापिली. स्वीडिश भाषेत 'लॉपेट' म्हणजे शर्यत. स्वीडनमध्ये १९२२ पासून चालत आलेली 'वासालॉपेट' ही दीर्घ पल्ल्याची शर्यत या नावामागे आहे. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात १९७३ पासून सुमारे ५० किलोमीटरची 'अमेरिकन बर्कबायनर' ही शर्यत होतेच. पण ती उत्तरेकडील अरण्यात. लॉपेटवाल्यांनी ती कल्पना शहरात आणली. वर्थ उद्यानातून निघून एकापाठोपाठ एक गोठलेल्या सरोवरांवरून, घरांच्या व दुकानांच्या सान्निध्यातून जाणारी शर्यत त्यांनी सुरू केली. जेथे उन्हाळ्यात नावा चालतात तेथे फेब्रुवारीत माणसे सरकत जातात, हे दृश्य शहरवासीयांना भावले. शर्यतीच्याच सुमारास एका रात्री सरोवरावर बर्फाच्या पोकळ साच्यांत मेणबत्त्या लावून एक मंद उजेडाची वाट तयार करतात. तिच्यावरून कोणी स्कीने, कोणी पायी, कोणी लहानग्यांना घसरगाडीत बसवून फेरी मारतो. आपल्याकडील दीपोत्सवाची आठवण व्हावी असाच तो प्रकार असतो.

मंडळ आणि ही संस्था यांच्यातील व्यवहार येथे समजून घेण्यासारखा आहे. जमीन मंडळाची, म्हणजे जनतेची. वाटा राखणे, साहित्य भाड्याने देणे, मुलांना शिकविणे, स्पर्धा भरविणे ही कामे करारान्वये संस्थेकडे आली. २०१८ मध्ये उद्यानातील गोल्फच्या मैदानालगत 'ट्रेलहेड' ही इमारत उभी राहिली. तिच्यासाठी निधी गोळा करण्यात संस्थेचा मोठा वाटा होता. तेथे कपडे बदलण्याची सोय आहे, उपाहारगृह आहे, हिवाळ्यात स्की आणि उन्हाळ्यात सायकली मिळतात. एकाच इमारतीचा बाराही महिने उपयोग होतो, हा हिशेब महत्त्वाचा. गोल्फचे मैदान उत्तरेकडे पाच महिने बर्फाखाली पडून असते. उत्पन्न शून्य, देखभाल मात्र चालू. त्याच मैदानावर बर्फ दाबून स्कीची वाट आखली, तर निद्रिस्त मालमत्ता कामास लागते. कोणत्याही हिशेबनिसास हे पटावे.

परंतु सार्वजनिक जमिनीचा हिशेब केवळ जमा-खर्चाच्या दोन रकान्यांत मावत नाही. खासगी मंडळींनी सार्वजनिक उद्यान चालवावे का, हा प्रश्न विचारणारे नागरिक मिनिआपोलिसमध्येही आहेत आणि त्यांचा प्रश्न गैरलागू म्हणता येणार नाही. ज्या संस्थेला एका विशिष्ट खेळाचे प्रेम आहे, ती उद्यानाकडे त्या खेळाच्याच नजरेने पाहणार. तिला टेकडी दिसली की चढ दिसणार, ओढा दिसला की पूल दिसणार. नुसते झाडाखाली बसू इच्छिणाऱ्याची बाजू मांडण्यास कोणतीही संस्था नसते. म्हणून निवडून आलेले मंडळ, जाहीर सुनावणी, कराराची मुदत आणि तिच्या अखेरीस होणारी फेरतपासणी या गोष्टी कंटाळवाण्या वाटल्या तरी त्यांचे मोल फार आहे.

या वाटांवरील भांडणे मोठी मासलेवाईक असतात. स्कीची पारंपरिक पद्धत म्हणजे दोन्ही पट्ट्या समांतर खोबणींतून पुढे सरकविणे. या खोबणी रात्री किंवा पहाटे अवजड यंत्राने बर्फ दाबून कोरल्या जातात. सकाळी एखादा गृहस्थ कुत्र्याला घेऊन त्याच वाटेवरून निश्चिंतपणे चालत गेला, तर प्रत्येक पावलागणिक एक खड्डा पडतो. रात्री तो खड्डा गोठून दगडासारखा होतो आणि दुसऱ्या दिवशी स्की करणाऱ्याचा घोटा मुरगळतो. चालणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती उद्यानातील नेहमीची पायवाट असते. तो कर भरतो, त्याचे आजोबाही तेथूनच चालत असत. दोघांचेही खरे. दुसरी पद्धत स्केटिंगसारखी पाय बाजूला फाकवून जाण्याची. बिल कॉक या अमेरिकन खेळाडूने १९८० च्या दशकाच्या आरंभी तिचा प्रसार केला. तिला खोबणी लागत नाहीत, रुंद व गुळगुळीत पट्टा लागतो. म्हणजे स्की करणाऱ्यांतही दोन पंथ, आणि एका वाटेत दोघांची सोय करावयाची तर ती रुंद हवी. वाट रुंद करावयाची तर झाडे जाणार.

त्यात सायकलींची भर पडली. २००५ साली मिनिआपोलिसजवळच्या ब्लूमिंग्टन येथील 'सर्ली' या कंपनीने 'पग्सली' नावाची, जवळजवळ चार इंच रुंद टायरांची सायकल बाजारात आणली. मोठ्या प्रमाणावर तयार झालेली ही पहिली 'फॅट बाईक' मानली जाते. टायरमध्ये हवा अगदी कमी ठेवली, चौरस इंचाला दहा पौंडांच्याही खाली, की ती बर्फावर रुतत नाही. या शोधाने हिवाळ्यात सायकल गुंडाळून ठेवण्याची रीत मोडली. पण स्कीच्या वाटेवर सायकल नको आणि सायकलच्या वाटेवर पादचारी अचानक समोर नको, असा नवा तंटा उभा राहिला. वर्थ उद्यानाने त्यावर काढलेला तोडगा साधा होता. प्रत्येकाची वाट वेगळी, वाटा जेथे एकमेकींना छेदतात तेथे ठळक पाट्या आणि शक्य तेथे जाण्याची दिशा एकच.

खरी कसोटी लागली ती उन्हाळ्यातील रानसायकलींच्या बाबतीत. शहरात रान शिल्लक असले की सायकलवाले तरुण त्यात परवानगीविना वाटा पाडतात, हा अनुभव जगातील बहुतेक शहरांचा आहे. अशा चोरवाटा सरळ उताराने खाली येतात. पहिल्याच पावसात त्यांची ओघळ होते, दुसऱ्या पावसात नाला होतो आणि माती ओढ्यात जाते. वर्थ उद्यानातून बॅसेट क्रीक हा ओढा वाहतो, तेव्हा तेथील चिंता वाजवी होती. मनाईच्या पाट्या लावून हा प्रश्न कोठेच सुटलेला नाही. मिनिसोटात 'मिनिसोटा ऑफ-रोड सायक्लिस्ट्स' ही स्वयंसेवकांची संघटना आहे. तिच्या कार्यकर्त्यांनी कुदळ-फावडी हाती घेऊन वाटा बांधण्याचे आणि राखण्याचे काम अंगावर घेतले. चांगली वाट उतार कापीत सरळ खाली येत नाही. ती टेकडीच्या अंगाला समांतर, किंचित चढत-उतरत वळसे घेते. तिची बाहेरची कड जराशी खाली ठेवतात, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता आडवे ओलांडून निघून जाते. थोड्या थोड्या अंतरावर मुद्दाम उलटा चढ देतात, त्यामुळे वेग मोडतो आणि पाणीही अडते. आपल्याकडे पाणलोटाची कामे केलेल्या माणसाला हे शास्त्र लगेच उमगेल, कारण समतल चराचे तत्त्व तेच आहे.

आणि एक नियम असा की, माती ओली असली की वाट बंद. सायकल कितीही महागडी असो, सुट्टीचा दिवस असो, कोणी दूरवरून आलेला असो, चिखलात चाक घालावयाचे नाही. ओल्या मातीत उमटलेली चाकोरी वाळल्यावर तशीच राहते आणि पुढील पावसाचे पाणी तिच्यातूनच धावते. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून बैलगाडी नेऊ नये, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शहरातील तरुणाला मात्र ते शिकवावे लागते. ज्यांनी स्वतः घाम गाळून वाट बांधली, तेच दुसऱ्याला ओल्या वाटेवरून परत फिरवितात आणि त्यांचे शब्द पहारेकऱ्याच्या शिट्टीपेक्षा अधिक मानले जातात. बर्फ वितळण्याचा मार्च-एप्रिलचा काळ तर दोघांच्याही सहनशीलतेची परीक्षा पाहतो. स्कीसाठी बर्फ नाही, सायकलसाठी जमीन कोरडी नाही.

उद्यानात काही जागा अशाही आहेत की जेथे कोणत्याच चाकाला वा पट्टीला प्रवेश नाही. १९०७ साली एलॉइझ बटलर या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त होऊ घातलेल्या शिक्षिकेने आपल्या सहकारी शिक्षकांसह मंडळाकडे अर्ज केला आणि रानफुलांसाठी एक तुकडा राखून घेतला. शहर वाढत आहे, दलदली बुजविल्या जात आहेत आणि त्यांच्याबरोबर तेथील फुलेही जातील, ही त्यांची तळमळ होती. पुढे त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत या बागेची निगा राखली. अमेरिकेतील सार्वजनिक रानफुलबागांत ही सर्वांत जुनी समजली जाते. बागेत सायकल चालत नाही, पाळीव कुत्रे चालत नाही. हलक्या पावलांनी जावे आणि पाहावे. तिच्यापासून जवळच पाच एकरांची एक दलदल आहे. टॅमरॅक वृक्षांच्या सावलीत शेवाळाचा जाड थर पाण्यावर तरंगतो आणि पाऊल पडताच हलतो. त्यावरून जाण्यासाठी तरता लाकडी मार्ग केला आहे. स्की आणि सायकलच्या वाटा वाढत असताना या दोन जागांच्या सीमा अबाधित राहिल्या, ही गोष्ट वाटांच्या लांबीपेक्षा अधिक अभिमानाची मानावी लागेल. शहरातील इतर उद्यानांतही रानसायकलींच्या वाटा कराव्यात का, यावर मंडळाने पुढे नागरिकांच्या सहभागाने विचार चालविला, तेव्हा सर्वाधिक आक्षेप अशाच निवांत झाडीच्या बाबतीत यावेत हे स्वाभाविक होते. वर्थ उद्यान विस्तीर्ण आहे. तेथे जे सामावते ते वीस एकरांच्या वस्तीतील उद्यानात सामावेलच असे नाही.

उद्यानाच्या पूर्वेस मिनिआपोलिसचा उत्तर भाग लागतो. तेथे कृष्णवर्णीय आणि अल्प उत्पन्न गटातील वस्ती मोठी आहे. स्की हा परंपरेने गोऱ्या, खाऊनपिऊन सुखी कुटुंबांचा खेळ. स्की, बूट, काठ्या आणि थंडीचे कपडे यांचा खर्च पाहता उद्यान दाराशी असूनही तेथील मुलांना तो परका होता. कर सर्वांनी भरावयाचा आणि वाटेवर विशिष्ट घरांतीलच मुले दिसावयाची, हे कोणत्याही न्यायबुद्धीला खटकणारे आहे. लॉपेट संस्थेने शाळांच्या सहकार्याने या मुलांसाठी कार्यक्रम चालविले, साहित्य उपलब्ध करून दिले आणि उन्हाळ्यात त्यांनाच सायकलीवर बसविले. याने शतकाची दरी बुजली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही उद्यानाच्या विस्ताराचे समर्थन करावयाचे असेल, तर शर्यती आणि पदके यांपेक्षा हा मुद्दा अधिक वजनदार आहे. शाळकरी मुलांच्या रानसायकल संघांची राज्यव्यापी चळवळ २०१२ पासून मिनिसोटात सुरू झाली. बास्केटबॉलच्या संघात निवड न होणारे, एकलकोंडे, थोडे बुजरे मूल सायकलवर रमते, कारण राखीव खेळाडू म्हणून त्याला कोणी बाकावर बसवून ठेवत नाही.

आता या साऱ्या उभारणीच्या मुळाशी असलेल्या भांडवलाकडे, म्हणजे बर्फाकडे वळले पाहिजे. मिनिसोटाचे हिवाळे उन्हाळ्यांपेक्षा अधिक वेगाने उबदार होत आहेत आणि त्यातही रात्रीचे तापमान अधिक चढते आहे. नैसर्गिक बर्फावर अवलंबून राहणे अवघड झाल्यामुळे वर्थ उद्यानात बर्फ तयार करणारी यंत्रे बसविली गेली. तापमान शून्याखाली पुरेसे उतरले की दाबाने पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडवितात. खाली येईपर्यंत ते गोठतात. ढीग रचून नंतर तो वाटेवर पसरतात. नैसर्गिक बर्फापेक्षा हा घट्ट असतो व उशिरा वितळतो. परंतु त्यास पाणी लागते, वीज लागते, रात्रभर जागणारी माणसे लागतात आणि मुख्य म्हणजे थंडी लागतेच. नैसर्गिक बर्फ पडला असता उद्यानातील सर्व टेकड्या खुल्या होतात. यंत्राचा बर्फ केवळ काही किलोमीटरच्या फेरीपुरता. मग त्याच फेरीवर सारी गर्दी होते. तिच्यासाठी शुल्क आकारावे लागते, कारण आकाशातून फुकट पडणारी वस्तू आता कारखान्यात तयार होऊ लागलेली असते. सार्वजनिक उद्यानातील विनामूल्य आनंद हळूहळू सशुल्क सेवेत रूपांतरित होतो, आणि त्यात कोणाचा दोष दाखविता येत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत या गोष्टीचा प्रत्यय साऱ्या जगाला आला. क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या विश्वचषक मालिकेतील शर्यती २००१ नंतर अमेरिकेत झालेल्या नव्हत्या. मिनिसोटातील आफ्टन गावची जेसी डिगिन्स हिने २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये अलास्काच्या किकन रँडलसह सुवर्णपदक मिळविले. क्रॉस-कंट्रीमधील अमेरिकेचे हे पहिलेच सुवर्ण. आपल्या घरच्या लोकांसमोर एकदा तरी धावावे म्हणून तिने या शर्यती मिनिआपोलिसला आणण्याचा ध्यास घेतला. मार्च २०२० मध्ये त्या ठरल्या, आणि अवघ्या काही दिवसांआधी कोविडच्या साथीने रद्द झाल्या. चार वर्षांनी पुन्हा योग आला, तर तो हिवाळा शहराच्या नोंदीतील सर्वांत उबदार ठरला. डिसेंबर ते फेब्रुवारीत जमीन तपकिरी, सरोवरांवरील बर्फ भरवशाचा नाही. आयोजकांनी थंडीच्या मिळतील त्या रात्री यंत्रे चालवून बर्फ साठविला आणि करड्या गवतातून पांढरी फीत ओढावी तशी वाट तयार केली. शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी खरोखरीचा हिमवर्षाव झाला आणि शहराने सुटकेचा निःश्वास टाकला.

१७ व १८ फेब्रुवारीला वर्थ उद्यानाच्या टेकड्यांवर हजारो प्रेक्षक लोटले. युरोपातील खेळाडूंनी अमेरिकेत एवढी गर्दी कल्पिलीही नव्हती. दुसऱ्या दिवशी १० किलोमीटरच्या शर्यतीत डिगिन्स तिसरी आली. पुरुषांत अलास्काचा २३ वर्षांचा गस शूमाकर याने सर्वांना चकित करून पहिला क्रमांक पटकावला. दीर्घ अंतराच्या विश्वचषक शर्यतीत अमेरिकन पुरुष जिंकण्याची ही १९८३ नंतरची पहिलीच वेळ. तेव्हाचा विजेता बिल कॉकच होता. शर्यतीची वाट सार्वजनिक उद्यानातील होती, तेव्हा आदल्या महिन्यात त्याच चढावर धापा टाकलेली शाळकरी मुले कडेला उभी राहून ओरडत असतील, यात नवल नाही. मोठ्या क्रीडासंकुलांच्या बाबतीत असे सहसा घडत नाही. तेथील धावपट्टीवर सामान्य माणसाचे पाऊल पडत नाही.

नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे शहराच्या पाठीशी 'नॉर्डमार्का' हे विस्तीर्ण अरण्य आहे. शहरातील रेल्वे थेट त्याच्या काठापर्यंत जाते आणि प्रवासी डब्यात स्की हाती धरून उभे असतात. मिनिआपोलिसला हे भाग्य नाही. उद्यानात येणारा बहुसंख्य वर्ग मोटारीने येतो, आणि मोटारी उभ्या करण्यास पुन्हा उद्यानाचीच जमीन लागते. बर्फासाठी तळमळणाऱ्या खेळाडूने रोज मोटारीने येऊन बर्फ वितळण्यास हातभार लावावा, हा विरोधाभास तेथील सुजाण मंडळी स्वतःच बोलून दाखवितात.

पुढचे प्रश्न मंडळापुढे आहेतच. बर्फाच्या यंत्रांवर किती भांडवल गुंतवावे आणि त्यांचा घसारा कोणी सोसावा? पाण्याच्या आणि विजेच्या वाढत्या देयकात करदात्याचा हिस्सा किती आणि स्की करणाऱ्याचा किती? हिवाळा आणखी आखूड झाल्यास स्कीच्या रुंद वाटा सायकलींना द्याव्यात, की त्यांवर पुन्हा झाडे वाढू द्यावीत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अंदाजपत्रकात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर देताना मंडळास १९०७ साली रानफुलांसाठी अर्ज करणाऱ्या त्या शिक्षिकेचाही विचार करावा लागेल. मार्च संपताना वर्थ उद्यानातील सावलीच्या उतारावर यंत्राच्या बर्फाचा मळकट पट्टा अजून तग धरून असतो, बाजूच्या सायकलवाटेच्या तोंडावर 'माती ओली आहे, वाट बंद' अशी सूचना असते, आणि मधल्या पायवाटेवरून नेहमीचे फिरणारे लोक आपल्या कुत्र्यांसह निघालेले असतात.